काटा शून्यावर आला नाही

मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. तसा मी एक जुना दाबमापक आहे. वाटीएवढी गोल तबकडी, वर काच आणि मधोमध एक काळा काटा. माझ्या पोटात पितळेची वाकडी नळी आहे. तिच्यात दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा पुढे सरकतो. दाब ओसरला की नळी पुन्हा वाकते आणि काटा शून्यावर येतो. एवढेच माझे काम. पण दाब कधी एका जागी थांबत नाही, म्हणून मलाही थांबता येत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका लाँड्रीत लागलो. तिथे वाफेच्या इस्त्रीवर मी उमेदीची वर्षे काढली. कामगार येता-जाता माझ्याकडे पाहत आणि मगच वाफ सोडत. पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी एका खणात झाली, गंजलेल्या स्क्रूंच्या शेजारी. खणात कसला दाब? नुसते शून्यावर पडून राहायचे. जीव आंबून गेला माझा.

तिथून मला बाहेर काढले धाकट्याने. हा धाकटा गॅरेज चालवायचा. त्याची ताई रोज रुग्णवाहिका चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरायची. दोघांनी मिळून एक जुनी गाडी उभी केली होती. तिच्या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखा. दाबलेली हवा तापते, आणि फार तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते. आतून हातोडीचे घाव बसावेत तसे ठोके येतात आणि बघता बघता पिस्टन वितळतो. यावर उपाय म्हणून धाकट्याने अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून त्याचा फवारा हवेत सोडायचे ठरवले. फवारा उडाला की हवा गार.

"गाडीला दारू पाजताय होय?" शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. "मग हाकणार कोण?"

"मी," ताई म्हणाली. "मी पीत नाही."

डिकीत टाकी बसली, तिच्या तोंडाशी जाळी, पुढे पंप. फवाऱ्याची तोटी धाकट्याने आधी काचेच्या बरणीत धरून पाहिली. पहिल्यांदा नुसती धार पडली, मग दाब वाढवल्यावर बरणी धुक्याने भरली. टर्बोने जोर धरल्याशिवाय पंप सुरू होणार नाही, अशी जुळणीही त्याने केली. पंपाचा दाब दाखवायचे काम माझ्याकडे आले. मला आत, स्टिअरिंगशेजारी बसवायचे त्याच्या मनात होते.

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "पंपाकडून येणारी नळी फुटली तर पेट घेणारं पाणी माझ्या मांडीवर. काचेच्या बाहेर बसव, तिथून दिसतो मला."

असा मी बॉनेटवर, उन्हावाऱ्यात, ताईच्या नजरेसमोर आलो. पंप चालू झाला की त्याच्या प्रत्येक धक्क्याबरोबर माझा काटा थरथरायचा. मला केवढा आनंद! पण ताई वैतागली.

"हा काटा आहे की माशी? वळणावर मी रस्ता बघू की याला?"

मग धाकट्याने माझ्याकडे येणाऱ्या नळीत पितळेची एक बारीक गुडदी, म्हणजे बूच, ठोकली. तिला सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. धक्के तिथेच अडले आणि काटा संथ झाला.

"आता कसा शहाण्यासारखा बसलाय!" ताई खूश झाली. मला मात्र कोणी तोंडावर हात दाबल्यासारखे झाले.

घाटातल्या शर्यतीचा दिवस उजाडला. मागच्या वर्षी ताईचा पहिला नंबर अगदी थोडक्यात हुकला होता. त्यानंतर वर्षभर तिच्या डोक्यात हाच घाट होता. सकाळच्या सरावात मी ठरल्या आकड्यावर गेलो. नंतर गाड्या रांगेत लागल्या, इंजिने बंद झाली. आता मी शून्यावर यायला हवे होते. मी धडपडत होतो, पण काटा तसूभर हलेना.

ताईची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली.

"धाकट्या, इकडे ये. पंप बंद आहे ना?"

"अगं, चावी तुझ्याच हातात आहे."

"मग हा कोणाच्या जिवावर उभा आहे?"

धाकट्याने काचेवर टिचकी मारली. "चिकटला असेल. जुनाच आहे तो. सकाळी बरोबर आकड्यावर होता की!"

"सकाळी तो खरं सांगत होता, हे तुला कोणी सांगितलं?"

मागच्या गाडीतून हॉर्न वाजला. "ताई, निघताय, की गाडीची उतरायची वाट बघताय?"

पुढे निशाणवाल्याने हात केला. ताईने एकदा घाटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"ढकल बाजूला," ती म्हणाली.

कडेला नेऊन धाकट्याने माझी नळी सोडवली. कोंडलेला दाब फस्सकन सुटला आणि मी शून्यावर कोसळलो. गुडदीचे छिद्र काळ्या चिखलाने बंद झाले होते. टाकीच्या तोंडाची रबरी चकती अल्कोहोलने फुगून तिचा भुगा झाला होता. त्याच भुग्याने जाळीही तुंबली होती. धाकट्याने तोटी पुन्हा बरणीत धरून पंप लावला. धुके नाही, धारही नाही. टप, टप, थेंब.

वर घाटात दुसऱ्याच कोणाचे इंजिन गर्जत गेले.

"माझं चुकलं, ताई," धाकटा म्हणाला. "या थेंबांवर इंजिन अर्ध्या घाटातच कामातून गेलं असतं."

"थरथरतो म्हणून कटकट कोणी केली होती? निम्मं माझं." मग ती हसली, पण डोळे पुसतच. "तुझ्या अल्कोहोल-पाण्यासारखं."

आता चकती अल्कोहोलला दाद न देणारी आहे, जाळी प्रत्येक फेरीआधी धुतली जाते आणि ती गुडदी भंगारात गेली. मी पुन्हा माशीसारखा थरथरतो. मित्रांनो, तुमच्याही आसपास एखादी सारखी थरथरणारी, कुरकुरणारी वस्तू असेल. एखादे माणूसही असेल. त्याचा त्रास होतो, मला माहीत आहे. पण त्याला गप्प करण्याआधी ते काय सांगते आहे, तेवढे ऐकून घ्या.

ताई हल्ली गाडी बंद केल्यावर लगेच उतरत नाही. पट्टाही सोडत नाही. माझा काटा डुलत डुलत खाली येतो, शून्याला टेकतो, आणि मगच ती दार उघडते.