राजीखुशीनं

त्याच्या शर्टावर, कॉलरच्या जरा खाली, इस्त्रीची एक चुकार घडी राहिली होती — तिच्याच हातची, सकाळच्या धांदलीतली — आणि कोर्टातल्या मागच्या बाकावरून तिला तेवढीच दिसत होती. उठून ती हातानं सपाट करावी असं सारखं वाटत होतं. पण नवरा आता आरोपी होता, आणि आरोपीला असा हात लावलेला चालतो की नाही, कोण जाणे.

टेम्पोनं एकाला धडक देऊन पळून गेला, असा गुन्हा. त्या संध्याकाळी टेम्पो दाराशी उभा होता आणि हा बेसिनखाली डोकं घालून गळका पाइप आवळत होता. बॅटरी तिच्या हातात. हात भरून आला म्हणून ती त्याच्यावर वैतागलीसुद्धा होती... रिकाम्या गल्लीतही वळताना दिवा दाखवणारा माणूस, दीर त्यावरून त्याला सारखा चिडवायचा, तो धडक देऊन पळेल? पण हे सांगू शकणारी साक्षीदार एकच — ती.

आणि तीच आठवडाभर त्याच्या मागे लागली होती. कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, चढलोच आहोत तर लवकर उतरू या.

"पण मी नव्हतोच ना गं तिथं," तो म्हणाला होता.

तिनं तारखांचं, बुडणाऱ्या कामाचं कारण पुढे केलं. खरं एवढंच, की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिला उभंच राहायचं नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटणार, वकील उलटसुलट विचारणार, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार म्हणून सगळे हसणार... मी घाबरले. बाकी नुसत्या सबबी.

"गुन्हा मान्य आहे," आज तो पढवल्यासारखं म्हणाला. सुटलो, असं वाटून तिनं पिशवी उचललीसुद्धा. पण न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. नव्या कायद्यानं कबुली अशी झटपट घेता येत नव्हती म्हणे. वकील परवडत नसेल तर सरकार देईल, दंड झेपत नसेल तर हप्ते मिळतील, तेव्हा पैशापायी किंवा खेटे वाचावेत म्हणून कबूल करू नका — बाई सावकाश सांगत होत्या, आणि तिला जागच्या जागी बसवेना.

"राजीखुशीनं कबूल करताय ना? कुणी दबाव आणलाय का?"

त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची वेळ आली की होतात तसे. मागे वळून त्यानं पाहिलं नाही. पाहणारही नाही. 'नाही मॅडम, कुणी नाही,' म्हणेल, आणि जन्मभर मला त्यावरून एका शब्दानं बोलणार नाही... पिंजरा तिथंच होता, चार हातांवर, पण त्याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. वळा ना, ती मनातल्या मनात म्हणत राहिली, बोट दाखवा माझ्याकडे, सांगा त्यांना — हिनंच आणला दबाव.