सुलेमानचाचांच्या चेहऱ्याचं जाळं

घाबरू नका, मी भूत नाही. राजिवड्यात सुलेमानचाचांच्या पडवीत, वल्ह्यांशेजारी खुंटीवर टांगलेला जाळीदार चेहरा बोलतोय. मला नाक आहे, हनुवटी आहे, डोळे तेवढे मिटलेले.

मुळात मी प्लास्टिकचा एक सपाट, पांढरा तुकडा. २००७ साली मुंबईच्या एका रुग्णालयात मला गरम पाण्यात मऊ केलं आणि चाचांच्या तोंडावर ताणून बसवलं. त्यांच्या घशात कॅन्सरची गाठ होती. उपचाराचे किरण रोज नेमके तिच्यावर पडावेत म्हणून डोकं हलू द्यायचं नाही, हे माझं काम. गार होताच मी त्यांचे गाल, त्यांची दाट दाढी, सगळं घट्ट धरलं. स्वभावाने मी हट्टी, एकदा घेतलेला आकार सोडत नाही.

किरणांचं यंत्र चालवणारी नम्रता चाचांच्या गावाजवळच्या पालीची निघाली. चाचांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी लगेच मनातलं विचारलं, "पोरी, जेवणाची चव ऱ्हायल ना गो? नायतर मासा काय नि माती काय!"

"गाठीशेजारीच लाळेच्या ग्रंथी आहेत, चाचा. त्या वाचल्या तर चव राहील. आम्ही त्यांना सांभाळूनच किरण देतोय."

पुढे घसा सोलवटला. झुबेदाचाची पेज गाळून द्यायच्या, तीही उतरेना. गाल बसले, दाढी झडली आणि मी सैल झालो. ज्याचं कामच धरून ठेवायचं, त्याला सैल होणं किती लागतं म्हणून सांगू!

चाचा मनातून धास्तावले. सैल झालंय म्हटलं तर सगळे उपचार पहिल्यापासून करतील, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं. जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेलेला. फळ्यांमधून पाणी झिरपायला लागलं की फटीत कापूस ठासायचा, हे त्यांच्या हाताला पाठ. त्यांनी सोललेल्या तोंडातही दोन्ही गालांत कापसाचे बोळे भरले आणि गुपचूप टेबलावर आडवे झाले. मी पुन्हा घट्ट बसलो. मलाही बरं वाटलं.

काही दिवस असं निभावलं. मग एकदा उठताना चाचांना ठसका लागला आणि बोळा नम्रताच्या हातावर पडला.

"चाचा, हे काय?"

"फट बुजवली गो. होडीत भरतो तसा कापूस भरला."

नम्रता रागावली नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. त्या दिवशी किरण दिले नाहीत, नवा स्कॅन काढला. संगणकावर पहिल्या दिवसाचं चित्र खाली ठेवून तिने आजचं वर सरकवलं. हाडाला हाड जुळलं, बाकी काही जुळेना. गाठ आक्रसली होती. लाळेच्या ग्रंथी आत सरकून थेट किरणांच्या वाटेत आल्या होत्या.

"चाचा, बाहेरची फट तुम्ही बुजवलीत. पण आतलं सगळं हललंय. अजून काही दिवस असंच चाललं असतं तर लाळ गेली असती."

चाचा रडले. "आता परत पयल्यापासून?"

"नाही हो! झालंय ते झालंय. उरलेल्या दिवसांचा हिशेब नव्या चित्रावरून मांडायचा. मुखवटाही नवा."

म्हणजे मी बाद. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू? ज्या चेहऱ्याचा मी होतो तो उरलाच नव्हता. चाचांनी मात्र मला मागून घेतलं. म्हणाले, "ह्यात माझी दाढी हाय."

घरी आल्यावर बरेच महिने चाचा पेजेवरच होते. एका दुपारी झुबेदाचाचींनी बांगड्याचं सार केलं. चाचांनी भीत भीत घोट घेतला. तोंडात घोळवला. मग ओरडले, "मीठ जास्त झालाय गो!"

चाचींनी पदर डोळ्यांना लावला. एरवी मिठाची खोड काढली की त्या भांडायच्या.

आता मी इथेच असतो. दर तपासणीहून परतले की चाचा मला खुंटीवरून काढतात आणि चेहऱ्यावर लावून बघतात. तेवढ्यासाठी तरी मला फेकू नका, एवढीच विनंती. यंदा त्यांनी लावलं तर भरलेल्या गालांवर मी अडलो, हनुवटीपर्यंत पोचलोच नाही.

"झुबेदा, बघ गो," चाचा हसून म्हणाले, "आता हा मला पुरत नाय!"