इशेनकुलच्या व्होल्गाचे ब्रेक

इशेनकुलची व्होल्गा गाडी एकसष्ट सालची, फिकट निळी. कोचकोर गावात लग्न ठरलं की लोक आधी मुल्लाला तारीख विचारायचे आणि मग वरातीच्या गाडीसाठी इशेनकुलला. तीस वर्षं त्यानं नारिनच्या रस्त्यावर सरकारी बस चालवली होती. बस बंद पडली, पेन्शन सुरू झाली, आणि मेव्हण्याच्या गोठ्यात कोंबड्यांनी घर केलेली ही गाडी त्यानं दोन हिवाळे खपून रस्त्यावर आणली. पोटापाण्यापुरतं ती देत होती.

मागच्या सप्टेंबरात दोलोन घाट उतरताना तिचे ब्रेक गेले. गाडीत नवरा-नवरी आणि नवरीची मावशी. तिसऱ्या वळणावर पेडल मऊ लागलं, चौथ्यावर ते तळाला टेकलं. जळक्या ब्रेक लायनरचा वास आत आला. इशेनकुलनं गिअर खाली पाडला, हँडब्रेक जपून ओढला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचं नाक अलगद घुसवलं.

"का हो थांबलात, बायके?" नवऱ्यानं थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत विचारलं.

"फोटो काढा. इथून डोंगर सगळ्यात छान दिसतो."

त्यांनी फोटो काढले. मावशीनं खूश होऊन त्याच्या खिशात पाचशे सोम कोंबले. ब्रेक गार व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात इशेनकुलनं काच तीनदा पुसली, कारण हात कुठेतरी गुंतवायला हवे होते.

बायकोला मात्र त्यानं खरं सांगितलं. बुरुलकाननं चहा ओतता ओतता ऐकून घेतलं.

"विकून टाक ना ती. जुन्या गाड्या जमवणारा अल्माटीचा तो माणूस आठ हजार डॉलर देतोय."

"सगळं मूळचं असेल तरच देतोय. एक बोल्टसुद्धा बदललेला चालत नाही त्याला."

"मग बदलू नकोस आणि विक."

"आणि ज्याला विकीन तो घाट उतरेल तेव्हा?"

"तो काय घाट उतरणार! तो ती काचेच्या दालनात ठेवून पुसत बसणार." बुरुलकाननं पेला त्याच्यापुढे सरकवला. "तू जा, म्हाताऱ्या, लिदा एजेकडे. तुझं मन आधीच तिकडे गेलंय."

लिदा, म्हणजे लिदिया गेनरिखोव्हना, बहात्तर वर्षांची होती आणि सगळ्या गावाची एजे, थोरली बहीण होती. तिची भावंडं पूर्वजांच्या जर्मनीला गेली तेव्हा ती गेली नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीचं केंद्र मोडीत निघालं, तेव्हा ज्या लेथवर तिनं उमेदीची वर्षं काढली तोच तिनं विकत घेतला आणि अंगणातल्या शेडमध्ये बसवला. कोचकोरमध्ये लोखंडाचं काही नेमकं हवं असलं तर माणसं तिच्याकडेच जात, आणि शिव्या खाऊन येत.

ती गाडीखाली वाकली, चारही चाकं फिरवून पाहिली.

"चार ड्रम. ड्रम तापला की फुगतो, लायनर लांब राहतो. उतारावर हे असंच होणार. पुढे डिस्क बसव."

"नवा संच मागवायला माझ्याकडे पैसे नाहीत, एजे."

"नवा कोण म्हणालं? भंगारातल्या टॅक्सीच्या डिस्क आण, त्या चिमटीत धरणारे कॅलिपर आण. हबला जोडायची कडी मी कातून देते, कॅलिपर बसवायचा पत्रा मी कापते. मागचे ड्रम राहू देत, त्यांना आतून साफ करून नवे लायनर मारू. पण एक ऐक. पेडलमागच्या तुझ्या मास्टर सिलिंडरला ऑइलची एकच वाट आहे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. दोन वाटांचा आण. आणि तो डिस्कवाल्या गाडीचाच असला पाहिजे. कळलं?"

"कळलं."

इशेनकुल बिश्केकला गेला. सुट्या भागांच्या बाजारात, लोखंडी कंटेनरांच्या रांगांमधून तो दिवसभर फिरला. डिस्क जुन्या पण जाड मिळाल्या, कॅलिपर त्यानं घासाघीस करून निम्म्यात घेतले. डिस्कवाल्या गाडीचा सिलिंडर मात्र महाग होता. शेजारच्या कंटेनरमध्ये जुन्या मालवाहू गाडीचा दोन वाटांचा सिलिंडर पाचव्या हिश्शात मिळत होता. ती गाडी चारही चाकांना ड्रमवाली होती. इशेनकुलनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला. दोन वाटा तर आहेत, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि तो पिशवीत टाकला.

"डिस्कवाल्याचा ना?" लिदानं विचारलं.

"त्याचाच."

तिनं आणखी काही विचारलं नाही. सहा आठवडे काम चाललं. तिनं दोन कड्या कातल्या, एक मनासारखी झाली नाही म्हणून भंगारात टाकून पुन्हा कातली. ज्या दिवशी तिनं पुढच्या सांध्यात ड्रिलनं भोकं पाडली, त्या दिवशी इशेनकुल शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. आता अल्माटीच्या माणसाचा सौदा संपला, हे त्याला ठाऊक होतं.

मेच्या अखेरीस गाडी तयार झाली. इशेनकुल एकटाच घाटावर निघणार होता. लिदा डोक्याला रुमाल बांधून बाजूच्या सीटवर येऊन बसली.

"तुम्ही कशाला, एजे?"

"काम माझं आहे. मी बसणार. चालव."

चढावर गाडी जड चालत होती. इशेनकुल इंजिनाला बोल लावत राहिला. खिंडीत पोचल्यावर लिदा उतरली, पुढच्या चाकापाशी बसली आणि डिस्कवर थुंकली. चर्र आवाज झाला.

"वर येताना ब्रेक किती वेळा दाबलास?"

"एकदा. फार तर दोनदा."

"मग ही तापली कशी?" ती उभी राहिली. "सिलिंडर कुठल्या गाडीचा आहे?"

वारा बोचरा होता. इशेनकुलनं टोपी नीट केली, मग काढली. "मालवाहू गाडीचा," तो म्हणाला. मग थांबता येईना म्हणून त्यानं मागच्या सप्टेंबरात काय लपवलं तेही सांगून टाकलं, खडीचं, फोटोंचं, पाचशे सोमांचं.

"गाढवा," लिदा शांतपणे म्हणाली. "ड्रमवाल्या सिलिंडरच्या तोंडात एक बारकी झडप असते. ती नळीत दाब धरून ठेवते. ड्रमला तो लागतो. डिस्कला लागला की ती सुटतच नाही, घासत राहते. तू अख्खा घाट ब्रेक लावून चढलास. असाच उतरला असतास तर ऑइल उकळलं असतं, आणि इथे खडीचा ढीग कुठे आहे?"

इशेनकुलनं डिकी उघडली.

"पाना आण. आणि ऑइलची बाटली. आणलीयस ना, की तीही पाण्याची आहे?"

चाकं गार झाल्यावर तिनं पुढची नळी सोडवली, तारेच्या आकड्यानं झडप बाहेर ओढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. मग ती पेडलपाशी सीटवर बसली आणि तो चाकाशी आडवा झाला.

"दाबा!" तो खालून ओरडायचा.

"दाबलंय."

"धरा... सोडा."

नळीतले हवेचे बुडबुडे संपेपर्यंत दोघं हेच करत राहिले. थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं खिडकीतून विचारलं, "आजी, गाडी विकता का?" लिदानं त्याला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. तो निघून गेला.

उतरताना ती म्हणाली, "इथे दाब." त्यानं दाबलं. गाडी डावीकडे किंचित ओढ घेऊन थांबली. "पुन्हा." पुन्हा थांबली. अकराव्या वेळी तिनं हात वर केला आणि खिशातून कुरुतचे, सुकवलेल्या दह्याचे, दोन गोळे काढून एक त्याला दिला.

डावीकडची ओढ दुसऱ्या दिवशी घरी काढली. जूनमध्ये अल्माटीचा माणूस आला, गाडीखाली वाकून पाहिलं, चहा प्यायला, बुरुलकाननं तळलेल्या बोर्सोकच्या पुऱ्यांची तारीफ केली आणि गेला. त्यानं पुन्हा फोन केला नाही. बुरुलकाननं मागच्या सीटवर नवं कापड शिवलं.

त्या महिन्यातलं दुसरं लग्न नारिनचं होतं. मागे नवरी झोपली होती, नवरा फोनवर बोलत होता. घाटाच्या खालच्या अंगाला एका वळणानंतर रस्ताभर मेंढ्या पसरलेल्या दिसल्या. इशेनकुलनं पाय दाबला. गाडी पहिल्या मेंढीपासून चार हातांवर सरळ उभी राहिली. नवऱ्याचं बोलणं तुटलंसुद्धा नाही. घोड्यावरच्या मेंढपाळानं हात वर केला, इशेनकुलनंही केला, आणि कळप पार होईपर्यंत त्यानं इंजिन बंद ठेवलं.