कॅव्हनच्या गल्लीत लीट्रिमची बाई

लग्नाने बाईचं आडनाव बदलतं, माती बदलत नाही, असं डिम्प्नाचे वडील म्हणायचे. न्यूयॉर्कला आल्यावर तिने हे वाक्य नवऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिने सुरुवात केली की फिंटन ते पुरं करायचा.

सेंट पॅट्रिकच्या दिवशी मात्र त्या वाक्यावर हसू येत नसे. त्या दिवशी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत आयर्लंडचा एकेक परगणा आपापल्या पताकेमागे चालतो, आणि माणसाने जिथे जन्म घेतला तिथल्याच पताकेमागे चालायचं, ही जुनी रीत. फिंटन गॅलिगन कॅव्हनचा, डिम्प्ना शेजारच्या लीट्रिमची. तिकडे दोघांच्या गावांमध्ये एक ओढा आणि दोन टेकड्या होत्या. इकडे मात्र भिंत उभी राहिली.

लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये तो म्हणाला होता, "तू लीट्रिममध्ये चाललीस तर लोक म्हणतील, गॅलिगनची बायको महिन्याभरात माहेरी गेली."

"आणि कॅव्हनमध्ये चालले तर माझा बाप थडग्यात कूस बदलेल."

"मग काय करायचं?"

"मी कुठेच चालत नाही. फुटपाथवर उभी राहते. तू आपला मिरव."

रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण दोघेही हट्टी. त्याने पुन्हा विचारलं नाही, तिने शब्द मागे घेतला नाही. दरवर्षी दोघं ब्रॉन्क्सहून एकाच गाडीने यायची. तो आपल्या लोकांत जायचा, ती साठाव्या गल्लीच्या पुढे एका कोपऱ्यावर चहाचा थर्मास घेऊन उभी राहायची. कॅव्हनची निळी पताका गेली की तडक घरी, खारवलेलं मांस आणि कोबी चुलीवर चढवायला. लीट्रिमची हिरवी-सोनेरी पताका मागून यायची. तिची वाट पाहायला ती कधी थांबली नाही. आपली माणसं आपल्यावाचून चाललेली कोण बघत बसेल?

फिंटन नोव्हेंबरात गेला. फेब्रुवारीत कॅव्हन मंडळाच्या फेलिम गॅफनीचा फोन आला. "फिंटनच्या ओळीत त्याची जागा आम्ही मोकळी ठेवतोय. तू त्या जागेवर चाल." डिम्प्ना "येते" म्हणाली. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लीट्रिमच्या पॅकी मॅकमॉरोने गाठलं. "आता तरी घरी ये की गं. किती वर्षं परक्यांच्या कुंपणावर बसणार?" त्यालाही ती "येते" म्हणाली.

आणि आज, अंगावर चांगला कोट, गळ्यात स्कार्फ, दोघांना दिलेले दोन शब्द मनात, अशी ती ग्रँड सेंट्रलच्या जिन्यावरून वर आली तेव्हा कोणता मोडायचा हे ठरलेलं नव्हतं.

हवा बोचरी होती. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं खच्चून भरलेली, बॅगपाइपवाले बोटांवर फुंकर घालताहेत, कुणी ईस्टरआधीच्या उपासाला आज सुटी म्हणून सकाळीच बाटली उघडलेली. प्रत्येक परगणा आपला नंबर येईपर्यंत एकेका आडगल्लीत थांबतो; कॅव्हनची गल्ली आधी लागली. पाय आपोआप तिकडे वळले.

"आली बघा लीट्रिमकरीण!" फेलिम ओरडला. अंगाने आडवा, गळ्यात निळा पट्टा, नाक थंडीने लाल. "सांभाळा रे, हिच्या गावात इतका चिखल की जमीन एकराने नाही, बादलीने विकतात."

"आणि तुमच्या गावात टेबलाच्या खणात ताट ठेवून जेवतात," डिम्प्ना म्हणाली. "पाहुणा आला की खण बंद."

सगळे हसले. मग कुणीतरी फिंटनचं नाव काढलं आणि सगळ्यांनी ओळीकडे पाहिलं. ओळीत खरंच एक जागा मोकळी होती. डाव्या कडेला, एका माणसाच्या रुंदीची. मिरवणुकीत उभं राहून राहून माणसं एकमेकांना ढकलतात, पण त्या जागेत कुणी सरकत नव्हतं.

ती तिथे जाऊन उभी राहिली. नंबर लागायला बराच वेळ होता. परगण्यांचं असंच असतं, चालणं थोडं आणि ताटकळणं फार. फेलिमने खिशातून सोडा ब्रेडचा तुकडा काढून अर्धा तिला दिला.

"कॅव्हनचा माणूस आणि अर्धा देतोय?" ती म्हणाली.

"फिंटन गेल्यापासून बिघडलोय मी." तो चावत राहिला. मग म्हणाला, "एक विचारू? आमचं चालणं संपलं की तो आमच्याबरोबर कधी प्यायला यायचा नाही. आम्ही म्हणायचो, बायकोला घाबरतो."

"प्यायला यायचा नाही? मग घरी उशिरा का यायचा तो? मला सांगायचा, फेलिमचं बोलणं आवरेना."

"माझं बोलणं?" फेलिमने तिच्याकडे पाहिलं. "तुला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"अगं, तो फुटपाथने उलटा खाली जायचा. लीट्रिम जाईपर्यंत थंडीत उभा राहायचा. मी एकदा गेलो होतो बरोबर, म्हटलं बघू तर काय भानगड आहे. पताका आली तशी हा टोपी काढून 'लीट्रिम! लीट्रिम!' असा ओरडला की शेजारची पोरं दचकली. मी म्हटलं, गॅलिगन, कॅव्हनच्या कुणी ऐकलं तर पट्टा काढून घेतील. तर म्हणाला, घरातलं कुणीतरी बघायला हवं ना. ती बघत नाही."

डिम्प्नाच्या हातातला ब्रेड तसाच राहिला.

इतकी वर्षं. तो गारठलेल्या गालांनी दारात यायचा, ती पळी आपटून म्हणायची, कोबीचा लगदा झाला, आणि तो गुपचूप लगदा खायचा. एका शब्दाने सांगितलं असतं तर? सांगितलं असतं तर ती भांडली असती, हेही तिला ठाऊक होतं. माझी कीव करतोस का, म्हणाली असती.

पुढे शिट्टी झाली. कॅव्हनची पताका उचलली गेली, माणसांनी पट्टे सारखे केले.

"फेलिम," ती म्हणाली, "मी या जागेवर चालत नाही."

त्याचा चेहरा पडला. "आमचं काही चुकलं का?"

"नाही रे. त्याला मला इथे चालताना बघायचं असतं तर तो तिकडे जाऊन कशाला उभा राहिला असता?"

फेलिमला समजायला एक क्षण लागला. मग त्याने मान हलवली आणि ओळीतल्या माणसांना म्हणाला, "जागा तशीच ठेवा. रिकामीच चालू द्या." आणि तिला, "पळ आता. तुझा चिखल पुढच्या गल्लीत आहे."

गर्दीतून वाट काढत ती लीट्रिमपाशी पोचली तेव्हा धाप लागली होती. पॅकी म्हणाला, "आलीस? मला वाटलं, कॅव्हनकरांनी तुझ्याकडून भाडं घेऊन ठेवून घेतलं."

"बोलू नकोस. हात दे."

त्याच्या कोपराचा आधार घेऊन ती रस्त्यावर आली. आणि मग ती रुंदी, तो वारा, दोन्ही बाजूंचा तो गजर. लग्नाआधी ती इथून चालली होती. तेव्हा ती एका श्रीमंत घरात मोलकरीण होती, आठवडाभर तिला कुणी नावाने हाक मारत नसे, आणि इथे अनोळखी माणसं तिच्या परगण्याचं नाव घेऊन ओरडत होती. त्या रात्री ती रडली होती, सुखाने.

आज मात्र तिची नजर सारखी फुटपाथवर जात होती. आपला नेहमीचा कोपरा आला तसं तिने डोळे ताणून पाहिलं. चेहरेच चेहरे. टोप्या, झेंडे, खांद्यांवरची मुलं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. एकही चेहरा सुटा दिसेना. पहिल्यांदा चालली तेव्हा फुटपाथवर तिचं कुणी नव्हतं, म्हणून तिने शोधलंही नव्हतं, आणि चालणाऱ्याला फुटपाथवरचं कुणी ओळखू येत नाही हे कळलंही नव्हतं.

म्हणजे फिंटनलाही ती कधी दिसलीच नव्हती. आणि तो तर दरवर्षी जेवताना सांगायचा, "तुला पाहिलं हं, निळ्या स्कार्फमध्ये. छान दिसत होतीस." स्कार्फ निळा आहे हे त्याला ठाऊक असणारच. सकाळी तोच तर तिच्या शेजारी गाडीत बसून आलेला असायचा.

"लबाड," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण, मी?" पॅकी म्हणाला.

"तू नाही. चाल."

फुटपाथवरून कुणीतरी लीट्रिमच्या नावाने ओरडलं. कोण होतं ते दिसलं नाही. डिम्प्नाने त्या बाजूला हात उंच केला आणि दिसल्यासारखा हलवला.