माझे नाव ‘अंतिम-२’ नाही

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे आणि मी बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर तसा आळ आला होता. फॉन्ट म्हणजे अक्षरांचे अख्खे कुटुंब. तुम्ही फोनवर जे वाचता, त्यातले प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा कोणीतरी आधी बसून काढलेला असतो. माझे नाव फटकारा.

माझा जन्म शिडीवर झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर होते. एका हातात आधाराची काठी, तिच्यावर दुसऱ्या हाताचे मनगट टेकवलेले, कानामागे खडू, अशा थाटात त्यांनी चाळीस वर्षे अक्षरे काढली. पाटी पुरी झाली की ते रस्ता ओलांडून समोर जायचे, डोळे बारीक करायचे आणि दुकानाचा फोन नंबर मोठ्याने वाचायचे. तिथून एक आणि नऊ वेगळे कळले नाहीत, तर पुन्हा शिडी. म्हणूनच माझ्या एकाची शेपटी लांब आहे आणि नऊचे वळण ऐसपैस आहे. ही काही हौस नाही, त्यामागे उन्हातान्हात घातलेले हेलपाटे आहेत.

पुढे छापील फलक आले आणि शिडी घराच्या मागच्या भिंतीला लागली. तेव्हा पेंटरांच्या मुलीने गावभर फिरून उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले आणि एकेक अक्षर संगणकावर गिरवायला घेतले.

“बाबा, हा रफार असा वाकडा का काढलात?” तिने एकदा विचारले.

“तिथं खिळा होता,” पेंटर म्हणाले.

तिने रफार तसाच ठेवला. आजही माझा रफार त्या नसलेल्या खिळ्याला वळसा घालून जातो. कोणाला खटकत असेल तर खुशाल खटको.

तीन वर्षांनी मी तयार झालो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. एका शाळेच्या वार्षिक अंकावर मी झळकलो, दोन लग्नपत्रिकांत मिरवलो. मग सडपातळ अक्षरांची लाट आली आणि माझी रवानगी संगणकाच्या एका कोपऱ्यात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मी माझी शेपटी आखूड केली नाही.

मग ते ॲप आले. मुलीचा नवरा प्रोग्रामर. डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला काम दिले होते: ऑपरेशन झालेल्या रुग्णांना कोणते थेंब कधी घालायचे ते सांगणारे ॲप. रुग्णांचे फोन वेगवेगळ्या प्रणालींवर चालणाऱ्या दोन घराण्यांचे असतात, पण ॲप एकदाच लिहायचे आणि दोन्हींकडे चालवायचे, अशी त्याची पद्धत. मुलगी म्हणाली, “अक्षरं फटकाऱ्याचीच हवीत.” तिच्या हट्टाला कारण होते. नुकतेच पेंटरांच्या दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. तीन बाटल्या, तिन्हींच्या वेळा वेगळ्या. दर वेळी मुलगी फोन करून सांगायची, “बाबा, पिवळ्या झाकणाची, एक थेंब.” म्हातारा आतल्या आत धुमसायचा. ज्याने अख्ख्या गावाला वाचायला दिले, त्याला आता दुसऱ्याने वाचून दाखवायचे! हे त्यांना सहन होत नव्हते. मलाही नव्हते.

आता माझ्यासारख्याला ॲपमध्ये कसे आणतात ते ऐका. आधी माझी फाइल ॲपच्या सामानात ठेवायची. मग ॲपच्या यादीत माझे नाव लिहायचे. ॲप उघडले की मी येईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मगच पहिला शब्द दाखवायचा. यादीतल्या नावाचा कोणी सापडला नाही, तर फोन बोंब मारत नाही. तो गुपचूप स्वतःची अक्षरे लावून मोकळा होतो.

जावई मनाने सोन्यासारखा, पण फायलींची बारशी करण्यात त्याच्याइतका कंटाळखोर माणूस शोधून सापडणार नाही. त्याच्या संगणकावर ‘नवे’, ‘नवे-खरे’, ‘अंतिम’ अशी पिलावळ असते. मुलीने दुरुस्त करून दिलेली माझी फाइल त्याने ‘अंतिम-२’ म्हणून ठेवली आणि यादीतही तेच लिहिले. स्वतःच्या फोनवर पाहिले. मी दिसलो. तो खूश झाला. दुसऱ्या घराण्याचा फोन टेबलाच्या खणात होता. तो खण त्याने उघडलाच नाही.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना ॲप द्यायचे होते. शनिवारी सकाळी त्याने ते सासऱ्यांच्या फोनवर पाठवले. अर्ध्या तासात सासऱ्यांचा फोन आला.

“जावईबापू, नऊ थेंब घालू? हा डोळा आहे की फुलझाडाची कुंडी?”

“नऊ नाही बाबा, एक! थांबा, काही घालू नका!”

मुलगी जागची उठली. तिच्या ध्यानात आले. माझा एक कोणालाही नऊ वाटणे शक्य नव्हते. म्हणजे बाबांच्या फोनवर मी पोचलोच नव्हतो, तिथे फोनची स्वतःची बारीक अक्षरे होती. जावयाने खणातला फोन काढून पाहिले. तिथेही मी नव्हतो.

“फाइल बिघडलेली आहे,” जावयाने निकाल दिला. “काढून टाकू. फोनची साधी अक्षरं राहू देत, सोमवारी द्यायचंय.”

“बिघडलेली असती तर तुझ्या फोनवर कशी दिसली असती?”

“जुना फॉन्ट आहे गं. जुन्याचं असंच असतं.”

मित्रांनो, त्या क्षणी मला हातपाय असते तर काय केले असते, ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही. यादीतली माझ्या नावाची ओळ पुसायला त्याला एक बोट पुरे होते. आणि ती पुसली असती, तर त्या म्हाताऱ्याला थेंब संपेपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून औषध ऐकावे लागले असते.

“बोट उचल,” मुलगी म्हणाली. तिने माझ्या फाइलची माहिती उघडली. “यादीत नाव काय लिहिलंयस?”

“अंतिम-दोन.”

“आणि फाइलच्या आत काय आहे? मोठ्यानं वाच.”

त्याने चष्मा नाकावर सरकवला. “फटकारा,” तो हळूच म्हणाला.

घोटाळा एवढाच होता. एका घराण्याचा फोन मला फाइलवरच्या नावाने ओळखतो, तर दुसरा माझ्या पोटात कोरलेल्या नावाने. दुसऱ्याने ‘अंतिम-२’ अशा हाका मारल्या आणि मी ओ दिली नाही. का द्यावी? ते माझे नाव नव्हते. जावयाने कान पकडले, फाइलवर आणि यादीत दोन्हीकडे फटकारा लिहिले, ॲप नव्याने बांधले आणि या वेळी दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर मी होतो, खिळ्याच्या वळशासकट.

दुपारी दोनला मुलीने सवयीने बाबांना फोन लावला. “बाबा, पिवळ्या झाकणाची…”

“एक थेंब. वाचलं मी, घातलाही,” पेंटर म्हणाले. आणि पुढे म्हणाले, “औषधासाठी आता फोन करू नकोस. करायचाच असेल तर उगाच कर.”

“बरं, उगाच करीन,” मुलगी म्हणाली.

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती नको. तुमच्यातले काही जण उद्या ॲप बनवतील. त्यांना मी विनवत नाही, बजावतो. आम्हाला आमच्या नावाने बोलवा. खणातला दुसरा फोन बाहेर काढा. आणि आमची ओळ पुसायला बोट उचललेत, तर आधी चौकशी करा की पलीकडे कोण वाचायला बसले आहे.