लाडाचं नाव

आपल्या घराघरांत एखादी जाडी, एखादा काळू, एखादा बुटक्या असतोच. नावं आपणच ठेवलेली, तीही लाडाने. चष्मेवाल्यांच्या घरात नकटी होती, त्यांची लेक.

सात वर्षांची असताना ती शाळा सुटली की त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात यायची. चष्मेवाले तिला काउंटरवर बसवायचे, तिच्या नाकावर फ्रेम ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आमच्या नकटीच्या नाकावर टिकली, तर तुमच्या नाकावरून हलायची नाही!" फ्रेम घसरायची, गिऱ्हाईक हसायचं, लेकही हसायची. काय दिवस होते ते! नुसती आठवण निघाली तरी चष्मेवाल्यांचे डोळे पाणावत.

आता ती सव्वीस वर्षांची. नाकाची शस्त्रक्रिया करायचीच म्हणून हटून बसली, तेव्हा ते कुरकुरत का होईना, सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर तिच्या फोटोतलं नाक उंच केलं, शेंडा निमुळता केला. लगेच डोळे जवळ आल्यासारखे वाटू लागले, गाल बसके दिसले, हनुवटीसुद्धा लहान झाली.

"नाक चेहऱ्याच्या मधोमध असतं. ते बदललं की सगळी ठेवणच बदलते," बाई म्हणाल्या. "छानच दिसशील. पण आपलं नाक वाईट आहे, असं तुला पहिल्यांदा कधी वाटलं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "सात वर्षांची होते. बाबांच्या काउंटरवर."

"अगं, तू तर हसायचीस!" चष्मेवाले म्हणाले.

"सगळेच हसायचे, बाबा. मी एकटीने रडायचं का?"

चष्मेवाल्यांनी इतकी वर्षं उराशी धरलेली आठवण लेकीला अशी बोचत होती!

"नाक मी उंच करून देईन," बाई म्हणाल्या, "पण कानात बसलेला शब्द मला काढता येत नाही. सहा महिने थांब. तेव्हाही स्वतःसाठी हवं असेल, तर जरूर ये."

"चुकलं गं माझं," चष्मेवाले म्हणाले. "तू ठरवशील ते कर, मी सोबत येईन. पण माझ्या थट्टेपायी करू नकोस."

"थांबते," ती म्हणाली.

जिना उतरताना 'चल गं नकटे' त्यांच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं आणि तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ती चमकून वळली.

मंडळी, मुलांच्या रूपावर विनोद करू नका. मूल हसतं ते विनोद आवडला म्हणून नाही; ते बिचारं आपलं मन राखत असतं.