बंद खणातली गळती

एल्डन क्रुगरच्या मते त्या वाळवंटात चाकांवरच्या घरांसारख्या साठ मोटारहोम उभ्या होत्या आणि अक्कल होती फक्त एकीत. ती कोणाची, हे त्याला कोणी विचारायची गरज नव्हती. न विचारताच तो सांगायचा.

उरलेल्या एकोणसाठ गाड्यांमधली माणसं म्हणजे त्याच्या भाषेत पेन्शनीत निघालेली गाढवं. आयुष्यभर कोणी विमा विकला, कोणी दात उपटले, कोणी पोरांना भूगोल शिकवला. मग घर विकून चाळीस फुटी मोटारहोम घेतली, आणि तिच्यात तेल कुठून ओततात हे बघायला पुस्तक काढून बसले. थंडी पडली की उत्तरेकडची ही सगळी जनता बर्फ चुकवायला अ‍ॅरिझोनात उतरायची आणि खडीवर गाडी सरळ उभी करता करताच नवरा-बायकोची तीन भांडणं व्हायची. एल्डन आपल्या खिडकीतून ती भांडणं मन लावून बघायचा. अकरा वर्षं तो इथे येत होता आणि अकरा वर्षांत त्याला कौतुक करावंसं वाटेल असा एकही माणूस भेटला नव्हता.

त्याने स्वतः नेब्रास्कात छत्तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काढली होती. इंजिन फाटकातून आत येतानाच, नुसत्या आवाजावरून, तो त्याचं दुखणं सांगायचा. आणि नेमका त्याचाच जनरेटर आता आठ दिवस गळत होता.

दुसऱ्या कोणाचा गळला असता तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण बर्निसची, त्याच्या बायकोची, फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी कामातून गेली होती. नाकात नळी आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, असा तिचा संसार. मशीनला वीज लागायची आणि वाळवंटात वीज म्हणजे जनरेटर. तो बंद पडला की गाडीच्या बॅटऱ्यांवर मशीन जेमतेम चार तास चालायचं. लिंकनला राहणारी त्यांची मुलगी डार्ला हिने गेल्याच महिन्यात फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आणखी एकदा जनरेटर बंद पडला ना, तर मी विमानाने येईन आणि आईला इथे घेऊन जाईन. खाली तळघरातली खोली तयार आहे. तुम्हालाही जागा आहे." जावयाच्या तळघरात, त्याच्या कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी राहायचं! त्यापेक्षा इथल्या खडीत पुरलेलं बरं, असं एल्डनला मनापासून वाटत होतं.

आज सकाळी नाश्त्यालाच जनरेटर तापून आपोआप बंद झाला. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली रिकामी होती आणि गाडीच्या नाकाखाली खडीवर हिरवं ओलं पसरलं होतं.

मोटारहोमचा जनरेटर तोंडाकडच्या पत्र्यामागे एका खणात बसवलेला असतो. बटण दाबलं की तो खण टेबलाच्या खणासारखा सरकत बाहेर येतो. या तळावरची रीत अशी, की कोणाचा खण बाहेर आला रे आला, की जो तो आपली घडीची खुर्ची बगलेत मारून हजर. दहाच मिनिटांत एल्डनच्या जनरेटरसमोर सात खुर्च्या अर्धगोलात मांडल्या गेल्या. सातही जण कॉफीचे मग घेऊन बसले आणि अकलेचे तारे तोडू लागले.

"गॅस्केट गेलं असणार," विमा विकून निवृत्त झालेला विल्बर म्हणाला. "माझं ऐक एल्डन, ती गळती थांबवायची पावडर टाक. डबा आहे माझ्याकडे. ओतायचा आणि विसरून जायचं."

"तुझ्या रेडिएटरचं काय झालं रे ती पावडर टाकून?"

"तो चोंदला. पण गळायचा थांबला ना!"

"माणूस मेला की त्याचाही खोकला थांबतो," एल्डन म्हणाला. "बस खाली."

त्याने रेडिएटरच्या तोंडावर हवेचा हातपंप बसवला, दाब चढवला आणि काट्याकडे बघत उभा राहिला. पाव तास झाला, काटा जागचा हलला नाही. वॉटर पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं. पाईपांचे क्लॅम्प एकेक करून आवळले, कूलंट भरलं, जनरेटर सुरू करून अर्धा तास चालवला. खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर थेंब पडला नाही. आठ दिवसांतली ही चौथी वेळ. खण बाहेर असला की जनरेटर शहाण्या मुलासारखा वागायचा, आणि आत ढकलून दार लावलं की तासाभरात खडी ओली.

"वाफ होऊन उडत असेल," सातांपैकी एक जण म्हणाला. एल्डनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीन पूर्ण उघडल्याशिवाय तोंड उघडू नये, हे शेडमध्ये त्याने चार पिढ्यांच्या शिकाऊ पोरांना शिव्या देऊन शिकवलं होतं, आणि मशीन तर इथे उघडंच होतं. उघड्या मशीनमध्ये बिघाड दिसत नाही याचा अर्थ बिघाड साधा नव्हता. त्याने वॉटर पंप उतरवून खोलायला घेतला.

तेवढ्यात मॉरिस टटल आला. तो मात्र खुर्ची न घेता आला होता.

मॉरिस शेजारच्या गाडीत एकटाच राहायचा. फ्रेस्नोमध्ये चाळीस वर्षं त्याने बायकांचे केस कापले, धुतले, रंगवले होते. त्याचं नाव घ्यायची पाळी आली की एल्डन हवेत दोन बोटांची कात्री चालवून दाखवायचा. आज मॉरिसने इस्त्रीचा गुलाबी शर्ट घातला होता.

"एल्डन, तुमच्या बॅटऱ्या किती वेळ पुरतील?" त्याने विचारलं. "माझ्या छतावर सोलर आहे. मशीन माझ्याकडे लावा ना. बर्निसना बसायला जागाही आहे."

"काही गरज नाही. तासाभरात होतंय माझं."

"मग तासभर तरी बसू दे त्यांना."

"तू तुझे कंगवे धू रे बाबा," एल्डन म्हणाला, आणि सातही खुर्च्या खो-खो हसल्या.

पण गाडीचं दार उघडलं. बर्निस एका हाताने कठडा धरून पायऱ्या उतरत होती. दुसऱ्या हातात मशीन होतं. ते मॉरिसने धावत जाऊन घेतलं. एल्डनकडे न बघता ती त्याच्याबरोबर निघून गेली. एल्डनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार माणसांत आपली बायको एका न्हाव्याच्या दारात वीज मागायला जाते म्हणजे काय! त्याने राग पंपाच्या बोल्टवर काढला. बोल्ट तुटला.

तो तुकडा काढण्यात दुपार झाली. एकेक जण जेवणाची वेळ झाली म्हणत खुर्ची मिटून गेला. पंप निर्दोष होता. अंगठ्याचं साल गेलं ते वेगळंच. एल्डनने मुकाट्याने सगळं पुन्हा बसवलं, कूलंट भरलं, खण आत सरकवला, जनरेटर सुरू केला आणि हात पुसत उभा राहिला. आता वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

वीसेक मिनिटांनी मॉरिस परत आला. हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा. गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायचा असतो, तो.

"जरा बघू का?"

"बघ की. बिघाडाला भांग पाडता येतो का तेही बघ."

मॉरिसने खडीवर टॉवेल अंथरला आणि गुलाबी शर्टासकट उताणा पडून गाडीखाली सरकला. एल्डनला हसू आवरेना. खण बंद, आत काळोख, हा दिवटा आरसा घेऊन निघालाय.

"अरे, खण बाहेर काढायचं बटण वर आहे," तो म्हणाला.

"नको, आतच राहू दे," खालून आवाज आला. "खालचा जाड रबरी पाईप आहे ना, तो मागे, खण सरकतो त्या रुळाच्या बोल्टवर वाकून बसलाय. तिथे चीर पडलीय, नखाएवढी. वाकला की उघडतेय. या, बघा."

एल्डन गुडघ्यांच्या कुरकुरीसकट खाली झोपला. आरशात, टॉर्चच्या उजेडात, पाईपच्या पाठीवर हिरवा थेंब फुगत होता. तो फुगला, सुटला आणि टपकन खडीवर पडला. खण बाहेर ओढला की पाईप सरळ व्हायचा, चीर मिटायची. आठ दिवस त्याने दर वेळी आधी बिघाड झाकला होता आणि मग तो शोधला होता.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मला कुठलं कळतंय! बर्निस म्हणाल्या, खण बंद असताना बघा. तुम्हालाही मंगळवारी सांगितलं होतं म्हणे."

एल्डनला मंगळवार आठवत नव्हता. बर्निस खिडकीतून काहीतरी म्हणाली होती खरी. ती खूप काही म्हणत असे.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. त्याच्याकडे तसाच पाईप होता, तो बसवला. बोल्टचं डोकं कापून टाकलं. खण आत ढकलून तासभर जनरेटर चालवला. खडी कोरडीठाक. एल्डनची छाती पुन्हा फुगली. बिघाड कोणीही बघतो, दुरुस्त करायला माणूस लागतो. डार्लाला आता काही सांगायचं कारणच उरलं नव्हतं. तळघर टळलं होतं, निदान या हिवाळ्यापुरतं. बर्निसला आणायला तो मॉरिसच्या गाडीकडे निघाला तेव्हा चक्क शीळ घालत होता.

आत बर्निस खुर्चीवर बसली होती. अंगावर पांढरं कापड, नाकात नळी, मशीन शेजारी घुमत होतं. मॉरिस तिच्या ओल्या केसांत रोलर गुंडाळत होता. केस नुकतेच धुतलेले होते, आणि साबणाच्या वासाने गाडी भरून गेली होती.

"झाला दुरुस्त," एल्डन म्हणाला. "चल घरी."

"आवाज ऐकला मी. चांगला चालतोय."

"हे काय नवीन? केस घरी धुता येत नाहीत का तुला?"

"नाही येत," बर्निस म्हणाली. "हात डोक्याच्या वर गेला की धाप लागते मला. तीन आठवडे झाले, पाणी लागलं नव्हतं केसांना. मी पायरी चढतानाच मॉरिसच्या लक्षात आलं. त्यानेच विचारलं."

एल्डनने तिच्या डोक्याकडे पाहिलं. तीन आठवडे हे डोकं रोज सकाळी त्याच्यासमोर बसून टोस्ट खात होतं.

"अगं, मग सांगायचं मला."

"तुला?" ती म्हणाली. तिने श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "दुपारी डार्लाचा फोन आला होता."

"तू काही बोलली नाहीस ना? आता सगळं ठीक झालंय म्हटल्यावर—"

"मीच तिला ये म्हटलं. शनिवारी येतेय. मी तिच्याबरोबर लिंकनला जाणार आहे, एल्डन. तुला यायचं असेल तर ये. गाडी ठेवायची असेल तर ठेव. जनरेटर चांगला झालाय."

मॉरिसचे हात थांबले. तो खिडकीबाहेर बघू लागला. एल्डनला खूप काही म्हणायचं होतं. अकरा हिवाळे, ही गाडी, रात्रंदिवस तिच्या मशीनसाठी चाललेली त्याची धडपड, सगळं एकदम सांगायचं होतं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते सवयीचं.

"मूर्ख आहेस का तू?"

"होते," बर्निस म्हणाली, आणि उरलेले रोलर लावून घ्यायला तिने मान पुढे केली.